सर्जाकाकांची पकड

"काका, तुमच्या हातातून आजवर किती जण सुटले?"

हे मी विचारलं. चांगलं मोठ्यानं, स्पष्ट उच्चारात, वक्तृत्व स्पर्धेत विषय मांडतात तसं. तिकीट खिडकीच्या मागे पत्र्याच्या आडोशाला गार्गी आणि शाहीन एकमेकींचे दंड धरून उभ्या होत्या. त्यांना ऐकू जावं म्हणून मी मुद्दाम आवाज चढवला होता. पैजच तशी होती. "तुझ्या त्या उलट्या लोंबकळणाऱ्या काकांना एवढं विचारून दाखव, तर मानू," असं गार्गी मधल्या सुट्टीत म्हणाली होती आणि नववी ब मधल्या निम्म्या मुलींनी ते ऐकलं होतं. मग माघार कसली घेते मी. त्या वर्षी मी कशातच माघार घेत नव्हते. वक्तृत्वाची ढाल आणली होती, केस खांद्यापर्यंत कापले होते, आणि येत्या रविवारी, माझ्या पंधराव्या वाढदिवसाला, आमच्या स्वतःच्या सर्कशीत तीस फुटांवरून लोकांसमोर पहिली झेप घेणार होते. मिरजेत जिथं जिथं भिंत दिसेल तिथं माझं पोस्टर होतं.

सर्जाकाका लोखंडी पेटीवर बसून मनगटाला पट्टी गुंडाळत होते. तीनचा शो सुरू व्हायला अर्धा तास होता. त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पंजाकडे, जसा काही तो कुणी दुसऱ्यानं तिथं ठेवलाय.

"येकच," ते म्हणाले. पट्टीचं टोक दातात धरून त्यांनी गाठ मारली. "पण ती रोज सुटती."

पत्र्यामागे गार्गी फिसकन हसली. मीही हसले. मला वाटलं, काका चेष्टा करतायत.

सर्जाकाका आमचे नात्यानं कुणी नव्हते. तासगावकडच्या एका खेड्यातले पैलवान, एकोणिसाव्या वर्षी सर्कशीत आले आणि कॅचर झाले. कॅचर म्हणजे समोरच्या झुल्यावर गुडघ्यात उलटं लटकून, झेप घेणाऱ्याची मनगटं हवेत पकडणारा. टाळ्या झेप घेणाऱ्याला. कॅचरकडे कोण बघतो? तेवीस वर्षं ते पकडत आले होते. त्यातली अकरा वर्षं त्यांनी माझ्या मम्मीला पकडलं. मम्मी सांगायची, लग्नात तुझ्या पप्पांनी माझा हात धरला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, अगंबाई, किती ढिली पकड ही. आणि पप्पा म्हणजे सर्कशीचे मॅनेजर, तीन भागीदारांतले एक, आणि ट्रॅपीझवालीच्या, म्हणजे झुलेवालीच्या, पोरीचं नाव उल्का ठेवणारा जगातला एकमेव माणूस. पडणारा तारा. मी विचारलं तर म्हणायचे, "पडतो पण चमकतो की नाही?"

एरवी मी मिरजेला मावशीकडे राहून शाळा शिकायचे आणि सर्कस गावोगाव फिरायची. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत मी तंबूत जायचे आणि तिथंच झुला शिकले. वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, सर्कस मिरजेला यायची, तेव्हा महिनाभर मी शाळेतून थेट तंबूत.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पप्पांनी ऑफिसच्या गाडीत बोलावलं.

"सर्जाला काय विचारलंस काल?"

"कुणी सांगितलं?"

"रॉबिननं ऐकलं. मी काय विचारतोय?" रॉबिनदा काकांच्याच राहुटीत राहायचा.

"गंमत होती, पप्पा. पैज होती."

"पैज." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पप्पा ओरडत नाहीत, चष्मा काढतात. "बार्शीचा खड्डा बार्शीत बुजवला. तूही होतीस तिथं. तूही माती टाकलीस. मग?"

हे खड्ड्याचं सांगायला हवं. मुक्काम हलतो तेव्हा तंबूचे खांब उपटतात आणि खड्डे बुजवतात. मधल्या मोठ्या खांबाचा खड्डा शेवटी. त्यात मॅनेजरपासून आचाऱ्यापर्यंत प्रत्येकानं मूठभर माती टाकायची. त्या गावात जे झालं, भांडण, चोरी, कुणाचं कुणाशी जुळलं, कोण पडलं, ते सगळं त्या मातीखाली. पुढच्या गावात त्याचं नाव काढायचं नाही. ऐकायला विचित्र वाटेल, पण ऐंशी माणसं वर्षाचे नऊ-दहा महिने कापडाला कापड लावून राहतात, तेव्हा असं काहीतरी लागतंच. नाहीतर लोकांनी एकमेकांचे गळे धरले असते. मला तर हा नियम भारी आवडायचा. मावशीकडे आठ वर्षांपूर्वी फुटलेल्या बरणीचा विषय अजून निघतो.

बार्शीला दिवाळीत बिमलादीदी पडली होती. नेपाळची, बावीस वर्षांची, माझ्या वेण्या घालायची. सर्जाकाकांच्या हातातून सुटली ती जाळीच्या कडेच्या दोरावर आपटून बाहेर जमिनीवर. पाठीवर. तिला अँब्युलन्समधून नेलं, आठवड्याभरानं तिचा भाऊ येऊन तिला गावी घेऊन गेला, असं कानावर आलं. तोवर आमचा मुक्काम हललेला. खड्ड्यात मी टाकलेल्या मुठीत एक बिस्किटाचा कागद पण होता, एवढं मला आठवतं. चूक कुणाची झाली, तिनं लवकर झुला सोडला की काकांचा हात उशिरा पोचला, हे कुणी बोललं नाही. मातीखाली.

"जा, माफी माग त्याची," पप्पा म्हणाले. "आणि परवाचं लक्षात आहे ना? नववी ब ला दोन बाकं पुढची ठेवलीत. चौदा वर्षांच्या आतलं मूल कायद्यानं उतरवता येत नाही म्हणून इतकी वर्षं थांबलो. तालीम पक्की होऊ दिली, आता पंधरा पूर्ण. घोळ घालू नकोस."

काका तंबूच्या मागच्या बाजूला होते. दोन्ही हातांत वाळूनं भरलेली एकेक बादली, हात सरळ पुढं. कपाळावरून घाम ओघळत होता. बाजूला स्टुलावर चहाचा ग्लास. चहावर जाड साय.

"काका, सॉरी."

"कशापायी?"

"काल ते विचारलं ना."

त्यांनी बादल्या खाली ठेवल्या नाहीत. "चार म्हैन्यांत तू पयली," ते म्हणाले. "इचारलंस, बरं केलंस."

यावर एखाद्या हुशार मुलीनं खाली बसून पुढचा प्रश्न विचारला असता. मी ढालवाली हुशार मुलगी. माझ्या डोक्यात रविवार होता.

"काका, परवा नीट पकडाल ना मला? आमचा अख्खा वर्ग येतोय."

"पकडायचं काय गं," ते म्हणाले. "पकडणं सोपं हाय."

"चहा गार झालाय तुमचा."

"व्हय का?" त्यांनी ग्लासाकडे बघितलं. बादल्या मात्र हातातच.

मम्मी आमच्या राहुटीत माझ्या पोशाखावर टिकल्या शिवत होती. मी पलंगावर उडी मारून बसले आणि म्हणाले, "काका कसेतरीच करतात गं हल्ली. रॉबिनदा म्हणतो झोपत नाहीत. बसूनच असतात रात्रभर, पलंगाची दांडी धरून."

"वय झालंय."

"बेचाळीस?"

"कॅचरचं बेचाळीस म्हणजे लोकांचं साठ. सीझन संपू दे. जूनमध्ये गावी जाईल, आईच्या हातचं खाईल, बरा होईल. हात वर कर, माप बघते."

तेवढ्यात उशीपाशी तिचा फोन वाजला. मी जवळ होते. स्क्रीनवर नाव होतं, बिमला. मम्मीनं हात लांबवून फोन पालथा घातला. वाजून वाजून तो थांबला.

"बिमलादीदीचा फोन येतो तुला?"

"येतो."

"कशी आहे ती?"

"ठीक आहे. गप."

"काकांना माहीतय?"

सुईत दोरा ओवताना मम्मी तोंडानं बोलत नाही, तिला तेवढं निमित्त पुरलं.

शनिवारी सकाळी साडेदहाला तालीम. तंबूच्या कापडाला जिथं जिथं भोकं होती तिथून उन्हाच्या काठ्या रिंगणात उतरलेल्या. सरावापुरता बांधायचा कमरेचा सुरक्षेचा पट्टा गुरुवारीच काढला होता, आता नुसती जाळी. मी शिडी चढून फळीवर गेले. रॉबिनदा तिथं होताच. तो आसामचा, आमच्या सर्कशीतला मोठा झेपवाला. आज तो माझ्यासाठी झुला धरायला उभा. काम सरळ होतं. मी फळीवरून झुला घेऊन सुटायचं, काकांनी "हप" म्हटलं की हात सोडायचे, काकांनी हवेत मनगटं धरायची, एक झोका त्यांच्याबरोबर जायचा, आणि परत येताना रॉबिनदानं पाठवलेल्या रिकाम्या झुल्याकडे त्यांनी मला फेकायचं. तो धरून मी फळीवर. संपलं. टाळ्या.

समोर काका उलटे लटकून झोके घेत होते. त्यांचं तोंड लाल.

मी सुटले. पोटात तो खड्डा पडतो तो पडला, आणि मला तो भयंकर आवडतो.

"हप."

सोडलं. क्षणभर कुणाचीच नव्हते. मग त्यांचे पंजे माझ्या मनगटांवर असे बसले की मी मनात म्हटलं, रविवारी गार्गी शिट्टी वाजवणार. आम्ही दोघं मागं गेलो, पुढं आलो. रॉबिनदानं झुला सोडला. मी फेकण्याची वाट बघत होते.

फेक आलीच नाही. रिकामा झुला माझ्या पाठीमागून सूं करून गेला.

"काका, झुला गेला."

पुन्हा मागं, पुन्हा पुढं. रॉबिनदानं झुला पुन्हा पाठवला. "सर्जादा, छोड़ना है," तो म्हणाला, अगदी सहज, जसं एखाद्याला चहा सांडतोय म्हणतात.

"काका, सोडा."

"न्हाय."

"बरं, झुला राहू दे. मी जाळीत उतरते. नुसतं सोडा."

"न्हाय सोडत," ते म्हणाले. त्यांच्या नाकावरून घामाचा थेंब माझ्या डोळ्यात पडला. "तू गप ऱ्हा, बिमले. घट धर."

तेव्हा मला कळलं की काहीतरी भलतंच चाललंय. पडायची भीती मला कधी वाटली नव्हती. नऊ वेळा जाळीत पडले होते मी. पण न पडण्याची भीती काय असते ते तेव्हा कळलं. बोटं बधिर झाली होती. आमचा झोका लहान होत चालला होता. काका आणखी किती वेळ गुडघ्यावर दोघांचं वजन पेलणार? ते सुटले तर दोघं एकदम जाळीत, आणि दोघं एकदम पडले की एकाच्या गुडघ्याखाली दुसऱ्याची मान येते. जाळीत पडायला शिकवतात तेव्हा पहिल्या दिवशी हेच सांगतात.

खाली आता माणसं जमली. ठोकाठोकी थांबली. पप्पांचा आवाज आला, "सर्जा, सोड तिला. जाळी ताणलेली आहे."

मग मम्मीचा. "सर्जादादा, श्वास घ्या. डोळे उघडा. सोडा पोरीला."

आचारी म्हणाला देवाचं नाव घ्या. कुणीतरी म्हणालं पाणी मारा वर. बॅंडवाला म्हणाला बॅंड वाजवू का. वीसेक माणसं होती खाली आणि सगळी काहीबाही सुचवत होती. एक नाव सोडून बाकी सगळं. काका वर ज्या नावानं मला हाक मारत होते, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. तंबूत आवाज घुमतो. पण ते नाव बार्शीच्या मातीखाली होतं.

"काका," मी म्हणाले, "मी बिमला नाही. मी उल्का. बिमलादीदी बार्शीला पडली."



काकांचे डोळे माझ्यावर आले. उलट्या चेहऱ्यावरचे डोळे वाचता येत नाहीत लवकर, पण ते माझ्यावरच होते.

"ठावं हाय," ते म्हणाले. मग इतक्या हळू की ते फक्त मलाच ऐकू गेलं, "चालती का ती?"

मला माहीत नव्हतं. चार महिने झाले होते. माझ्या वेण्या घालणारी मुलगी चालते की नाही हे मी कुणाला विचारलं नव्हतं. मी, जी पैजेवर कुणाला काहीही विचारत सुटले होते.

"मम्मी," मी ओरडले. "बिमलादीदी चालते का?"



"उल्का, तोंड बंद," पप्पा म्हणाले.

"मम्मी, तुला फोन येतो तिचा. ती चालते की नाही ते सांग."

झोका जवळजवळ थांबला होता. आम्ही दोघं तंबूच्या मधोमध, खुंटीला टांगलेल्या कपड्यांसारखे. काकांचे हात आता थरथरत होते आणि ती थरथर माझ्या दातांपर्यंत येत होती.

"काठी घेऊन," मम्मीचा आवाज आला. तो तिचा वाटतच नव्हता. "काठी घेऊन चालते, सर्जादादा. संक्रांतीपासून चालायला लागली. दर आठवड्याला फोन करते. तुम्ही जेवता का विचारते."

काकांनी डोळे मिटले. बोटं उघडली, एकदम नाही, एकेक करून, गंजलेली कडी उघडते तशी. मी हनुवटी छातीला लावली आणि पाठीवर जाळीत पडले.

जाळीत वरखाली हिंदकळत असताना मला जो राग आला, तसा राग त्यानंतरच्या या तीन वर्षांत पुन्हा आलेला नाही, आणि मला राग कमी येतो असं कुणी म्हणणार नाही. काठी घेऊन चालते. एवढंच होतं. पालथ्या घातलेल्या फोनमध्ये ते संक्रांतीपासून पडून होतं.

रॉबिनदानं काकांना शिडीनं उतरवलं. ते रिंगणाच्या कडेला लाकडी भुशात बसले, हात मांडीवर उघडे ठेवून. बोटं मिटेनात त्यांची. मी जाळीतून खाली उडी मारली. मम्मीनं माझी मनगटं हातात घेतली. दहाच्या दहा बोटं उमटली होती, निळी व्हायला लागलेली.

"लागलं कुठं?" पप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग चढ."

हा आमचा दुसरा नियम. जो पडतो त्यानं लगेच, बॅंडची धून संपायच्या आत, परत वर जायचं. नाहीतर भीती हाडात बसते. नऊ वेळा पडून मी नऊ वेळा चढले होते, हसत.

"आणि काका?"

"सर्जाला पाणी पाजा. दहा मिनिटं बसू दे. मग परत घेऊ."

"पप्पा, त्यांना परत चढवणार?"

"त्याला काय झालंय?" पप्पा म्हणाले. खरंच विचारत होते ते, माझ्यावर चिडून नाही. "तो कुठं पडलाय?"

पप्पा वाईट नाहीत. सर्कशीत कुणी आजारी पडलं तर स्वतः गाडी काढतात. पण पडलेल्या माणसासाठी त्यांच्याकडे नियम होता, आणि काका तेवीस वर्षांत एकदाही पडले नव्हते.

"बार्शीला बिमलादीदीला नेलं," मी म्हणाले, "त्या दिवशी सातचा शो झाला होता ना?"

"झाला. शो थांबत नाही."

"काकांनी कुणाला पकडलं?"

"रॉबिनला," मम्मी म्हणाली. ती माझ्या मनगटावर अंगठा फिरवत होती. "त्या दिवशी चांगलं पकडलं होतं. मला वाटलं, निभावला."

"त्यांना विचारलं का कुणी? एकदा तरी?"

"मी सांगणार होते गं त्याला. सीझन संपला की."

"अकरा वर्षं पकडलं त्यांनी तुला, मम्मी. एकदा उशीर केला का, सीझन संपू दे म्हणून?"

मम्मीनं माझे हात सोडले.

"आवाज खाली," पप्पा म्हणाले. "माणसं बघतायत."

"बघू देत. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं वर ते कुणाचं नाव घेत होते. सगळ्यांना माहीत होतं ती चालते की नाही? आचारीमामा, तुम्हाला?"

आचारी हातातल्या पळीकडे बघायला लागला. म्हणजे होतं.

"मला पण सांगायला जमलं नाही," रॉबिनदा म्हणाला. त्याचं मराठी असंच, तुटक आणि खरं. "रोज एका राहुटीत झोपतो. ते रात्री दांडी पकडतात, मी तोंड फिरवतो."

काका भुशात बसल्या जागेवरून म्हणाले, "पोरीला बोलू नका कुणी. चढंल ती. मी पकडतो. उद्याचं पोस्टर लागलंय."

त्यांचं हे ऐकलं आणि माझ्या रागानं टोक गाठलं. चार महिने लोक ज्याच्याशी काही बोलले नव्हते तो माणूसच त्यांची बाजू सांभाळत होता.

पप्पा माझ्याजवळ आले आणि चष्मा काढला. "हे बघ. दोन शो फुल्ल आहेत. तुझं नाव वाचून लोक येणारेत. मी माईकवर काय सांगू, आज उल्का का नाही?"

"सांगा, घाबरली म्हणून."

"काय?"

"उल्का घाबरली, म्हणून झेप घेणार नाही. असं सांगा."

"सर्कशीच्या माईकवर तो शब्द आजवर कुणी उच्चारला नाही."

"मग उद्या उच्चारा."

मी हे म्हटलं आणि पुढची दोन बाकं माझ्या डोळ्यांसमोर आली. गार्गी मधोमध. दहावीचा निकाल लागेपर्यंत ती मला घाबरट म्हणणार होती, आणि तिचं अक्षर चांगलं असल्यामुळे ते फळ्यावरही येणार होतं. पण शब्द बाहेर पडून गेला होता आणि आता मला तो मागं घ्यायचाही नव्हता.

"तू नाही तर नाही," पप्पा म्हणाले. "सर्जा रॉबिनला पकडेल."

"नहीं साब," रॉबिनदा म्हणाला. तेवढंच. आणि जाऊन काकांच्या शेजारी भुशात बसला.

पप्पांनी मम्मीकडे बघितलं. मम्मी शिवायची सुई तशीच पदराला खोचून आली होती. तिनं ती काढून हातात धरली. "झुला उद्या नको," ती म्हणाली. "सायकलवाल्यांना जास्त वेळ द्या."

"आणि नंतर? किती दिवस नको? काय करायचं ह्याचं?"

"डॉक्टरकडे न्यायचं," मी म्हणाले.

"हाताला काही झालेलं नाही त्याच्या."

"हाताच्या नाही. मनाच्या."

"वेडा झालाय का तो?" पप्पांचा आवाज पहिल्यांदा फुटला. "बावीस लोकांच्या देखत तू त्याला वेडा ठरवतेस?"

"शाहीनचे मामू वेडे नाहीत," मी म्हणाले. "ट्रक चालवायचे. एका धाब्यापाशी कुणीतरी चाकाखाली आलं, तेव्हापासून झोपेना झाले. घरात बसल्या बसल्या पायानं ब्रेक दाबायचे. सरकारी दवाखान्यात घेऊन गेले त्यांना, वरच्या मजल्यावर, तिथं एक बाई डॉक्टर आहेत. गोळ्या देतात आणि तासभर बोलतात. आता मामू झोपतात. काल शाहीननं सांगितलं मला, आणि काल मी तिला म्हटलं, आमच्या सर्कशीत असलं काही नसतं."

काका मान खाली घालून आपल्या पंजाकडे बघत होते. मग ते म्हणाले, "तासभर बोलत्यात?"

"हो, काका."

"काय बोलायचं?"

"तुम्हाला जे पाहिजे ते. बार्शीचं पण चालतं."

रॉबिनदानं त्यांची बोटं धरून हळूहळू मिटवायला सुरुवात केली होती, आणि ते त्याला मिटवू देत होते.

मी मम्मीपप्पांकडे वळले.

"मी सांगते तेवढं ऐका, मग काय ते म्हणा," मी म्हणाले. "आज मी चढणार नाही आणि उद्याही नाही. काकांना तुम्ही उद्या वर पाठवलंत, तर मी माईक घेऊन रिंगणात उभी राहीन आणि बार्शीला काय झालं ते पहिल्यापासून सांगेन, आणि मला बोलता येतं हे तुम्हाला माहीत आहे. मम्मी, आत्ता बिमलादीदीला फोन लाव आणि काकांकडे दे. आणि सोमवारी मी शाळेत जाणार नाहीये. काकांना दवाखान्यात घेऊन जाणार आहे. केसपेपर नऊ वाजल्यापासून मिळतो. तुम्ही दोघं येणार असाल तर साडेआठला गेटपाशी या, नाहीतर आम्ही रिक्षानं जातो."